कोल्हापुरात बसून माकुलाची जात डीएनएवरून कशी काढायची

झूलॉजी, बायोटेकच्या पोरापोरींसाठी लिहितोय, म्हणजे प्रोजेक्टला जरा वेगळं काहीतरी पाहिजे म्हणून माकूल (स्क्विड) घेतलंय आणि आता पुढं काय करायचं ते कळेना झालंय अशांसाठी. समुद्र जवळ नाही म्हणून काही अडत नाही बघा. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचा माल घाट चढून कोल्हापुरात येतोच, लक्ष्मीपुरीत सकाळी लवकर गेलात की बर्फातली माकुलं मिळतात आणि तिथून पुढचं सगळं काम लॅबमध्ये आणि लॅपटॉपवरच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, डीएनए वाचणारं सिक्वेन्सिंगचं मशीन तुम्हाला जातीचं नाव सांगत नसतंय. मशीन देतं ती नुसती ए, टी, जी, सी अशी साडेसहाशेच्या आसपास अक्षरं. नाव मिळतं ते दुसऱ्या कुणीतरी आधी तसल्याच अक्षरांना लावून ठेवलेल्या लेबलवरून, आणि ते लेबल लावणाऱ्यानं माकूल नीट बघितलं होतं का नाही हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून तुमच्या हातातलं माकूल तुम्हीच आधी नीट बघायचं. बरीच पोरं हे सोडून डायरेक्ट पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या भरपूर कॉपी काढायच्या कामावर, उडी मारतात आणि मग व्हायव्हाला एक्स्टर्नलनं "हे कशावरून म्हणता?" विचारलं की गप्प.

आणि रुपया खर्च करायच्या आधी एक फुकटातली प्रॅक्टिस करा. एनसीबीआयच्या जेनबँक ह्या ऑनलाइन संग्रहातून चारपाच जातींचे सीओआय जीनचे (जात ओळखायला वापरतात तो) सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांच्या रांगा, डाउनलोड करा, मेगा नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टाकून जातींच्या नात्याचं झाड काढून बघा. एवढं जमलं तर पुढचं समजेल. हे जमत नसेल तर माकूल आणून फ्रीजरमध्ये टाकून काय उपयोग, घरची शिव्या देणार तेवढंच.

आता खरेदी. कापलेल्या रिंगा घ्यायच्या नाहीत, साफ केलेलं घ्यायचं नाही, अख्खं घ्यायचं, डोकं, हात, कातडी सगळं जागेवर असलेलं. मासळीवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही पाकीट काढेपर्यंत त्यांनी डोकं ओढून आतलं पेन (पाठीतलं पातळ पातं) उपसून बाजूला टाकलेलं असतंय, हात लई फास्ट असतात. "मावशी साफ नको, अख्खंच द्या" म्हटलं की "अख्खं नेऊन काय करतोस बाळा, पूजा?" असं ऐकून घ्यावं लागतं, ऐकून घ्यायचं. पण त्याच वेळी विचारून घ्या की माल कुठल्या बंदराचा आहे, रत्नागिरीचा का मालवणचा का गोव्याकडचा, आणि वहीत तारखेसकट तिथंच लिहा. एकाच टोपलीतली दहा घेण्यापेक्षा दोनतीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून, लहान मोठी, वेगळी दिसणारी अशी घ्या. सगळी एकाच जातीची निघाली तर रिपोर्टमध्ये लिहायला काय राहणार?

बाजारात स्क्विड आणि कटलफिश दोघांनाही माकूल म्हणून मोकळे होतात, त्यामुळं पहिली तपासणी घरीच. मॅन्टल म्हणजे ती नळीसारखी पिशवी, तिच्या पाठीच्या बाजूनं आत बोट घालून बघा. पातळ, पारदर्शक, प्लॅस्टिकसारखं लवचिक पातं लागलं तर ते पेन, म्हणजे स्क्विड. पांढरं, खडूसारखं कडक लागलं तर समुद्रफेन, म्हणजे कटलफिश. हे एवढ्यासाठी सांगतोय की सेपिओट्यूथिस नावाचं एक स्क्विड आहे त्याचे फिन म्हणजे पर मॅन्टलच्या जवळजवळ पूर्ण लांबीला लागलेले असतात, लांबून हुबेहूब कटलफिशच वाटतं, फोटो बघून भलेभले फसतात. आत बोट घातलं की विषय संपला.

मग स्केल शेजारी ठेवून फोटो. पाठीकडून एक, पोटाकडून एक, डोळ्याचा जवळून एक, आणि दोन लांब टेंटॅकलच्या टोकाच्या चपट्या भागाचा एक. पाठीच्या बाजूनं मॅन्टलची लांबी मोजा, फिनची लांबी मोजा, दोन्हीचं प्रमाण काढून ठेवा. डोळ्यावर पारदर्शक पडदा आहे का बघा, पडदा असेल तर किनाऱ्याजवळच्या लोलिजिनिडी कुळातलं असण्याची शक्यता जास्त, आपल्याकडं येणारं नेहमीचं भारतीय स्क्विड म्हणजे युरोट्यूथिस डुव्हॉसेली ह्याच कुळातलं. डोळा उघडा असेल आणि फनेलच्या (पाणी बाहेर फेकायच्या नळीच्या) बुडाशी जो कुर्चेचा लॉक असतो तो उलट्या टी सारखा दिसत असेल तर ते खोल समुद्रातलं ओमॅस्ट्रेफिडी कुळातलं, अरबी समुद्रात त्यातलं स्थेनोट्यूथिस ओआलानिएन्सिस भरपूर आहे. भिंग किंवा डिसेक्शन मायक्रोस्कोप असेल तर शोषकांच्या आत जी कडी असते तिचे दात बघा, मोजा, फोटो काढा. लोलिजिनिडीतले नर असतील तर डावीकडचा चौथा हात टोकाला बदललेला दिसतो, तेही लिहून ठेवा, जाती ओळखताना कामाला येतं. ह्या सगळ्याला एका माकुलामागं अर्धा तास जातो, जाऊ दे.

टिश्यू घेताना कातडी सोलून टाका, कातडीत रंगद्रव्यं असतात. मॅन्टलचा आतला पांढरा स्नायू घ्या, तुरीच्या डाळीएवढा तुकडा बास, आणि एकाच माकुलाचे दोन तुकडे दोन ट्यूबमध्ये, एक वापरायला एक राखीव. शाईची पिशवी अजिबात फोडू नका. शाई म्हणजे मेलॅनिन आणि मेलॅनिन पीसीआर बंद पाडतं, एन्झाइमच चालत नाही, आणि तुम्ही आपले प्राइमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) खराब, मशीन खराब म्हणून आठवडा घालवता. फुटलीच तर दुसऱ्या बाजूचा स्वच्छ स्नायू घ्या, धुवून घ्या. दर माकुलाला नवीन ब्लेड, नाहीतर स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरून घ्या, ग्लोव्हज बदला.

तुकडा ९५ टक्के किंवा त्यावरच्या इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी इथेनॉल, दुसऱ्या दिवशी जुनं ओतून नवीन भरायचं कारण टिश्यूतलं पाणी बाहेर येऊन इथेनॉल पातळ होतं. मग उणे २० चा फ्रीजर. इथेनॉल दुकानात जाऊन आणता येत नाही, त्याला अबकारीचं परमिट लागतं, त्यामुळं डिपार्टमेंटमधूनच घ्या आणि सरांना आधी विचारा. लेबल पेन्सिलनं कागदावर लिहून ट्यूबच्या आत टाका. बाहेरून मार्करनं लिहिलेलं इथेनॉलचा एक थेंब सांडला की पुसलं जातं आणि मग कुठलं कुठलं ते देवालाच माहीत.

फॉर्मॅलिनचं सांगतो. टिश्यू काढून झाल्यावर उरलेलं अख्खं माकूल १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचं, हे तुमचं व्हाउचर, म्हणजे नंतर पडताळायचा पुरावा, टिश्यूचा जो नंबर तोच ह्या बरणीचा नंबर. पण टिश्यू काढायच्या आधी फॉर्मॅलिन नको म्हणजे नको, डीएनए तुटतो, प्रथिनांना चिकटून बसतो, मग त्यातून ६५० अक्षरांचा तुकडा उठवणं मुश्किल. म्युझियमच्या बरण्यांतली जुनी माकुलं बघून खूश होऊ नका त्याचं कारण हेच.

कुणीतरी हुशार विचारणारच, डीएनए कशाला, आरएनए काढू का? नको. माकुलं आपल्या आरएनएमध्ये लई बदल करतात, विशेषतः मज्जासंस्थेत. जीनमध्ये एक अक्षर आणि निघालेल्या निरोपात दुसरंच, हजारो जागी. तो विषय भारी आहे, त्याच्यावर वेगळा प्रोजेक्ट होईल, पण जात ओळखायला डीएनएच बरा.

एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे टिश्यूतून डीएनए काढणं, किटनं होतं, पैसे असतील तर किटच घ्या. नसतील तर सीटॅब नावाच्या रसायनाची पद्धत, आणि मृदुकाय प्राण्यांना ती सूटही होते कारण ह्यांच्यात चिकट म्यूकस, पॉलिसॅकराइड भरपूर, साध्या मिठाच्या पद्धतीनं काढलं तर डीएनएबरोबर तो चिकटाही खाली बसतो. तुकडा इथेनॉलमधून काढून टिपकागदावर कोरडा करा, बारीक चिरा, सीटॅब बफर आणि प्रोटिनेज के घालून ५५ अंशाला रात्रभर ठेवा, सकाळी तुकडा विरघळून पाणी झालेलं पाहिजे. मग २४ ला १ क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, हलकं उलटसुलट करायचं, गदागदा हलवायचं नाही, सेंट्रिफ्यूज, वरचा थर उचलायचा. इथं हावरटपणा करू नका, वरचा थर थोडा राहिला तरी चालेल पण मधला पांढरा पापुद्रा टिपमध्ये यायला नको. गार आयसोप्रोपेनॉल घातलं की धागे दिसतात, खाली बसवा, ७० टक्के इथेनॉलनं धुवा, वाळवा, टीई बफर किंवा स्वच्छ पाण्यात विरघळवा. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हूडमध्येच करा, बेंचवर नको.

नॅनोड्रॉपवर, म्हणजे डीएनए किती शुद्ध ते मोजणाऱ्या यंत्रावर, २६०/२८० चा आकडा १.८ च्या आसपास आला की पोरं फोटो काढून स्टेटसला टाकतात. शेजारचा २६०/२३० बघा की. तो फारच कमी असेल तर चिकटा किंवा केमिकल राहिलंय. आणि एक सोपी युक्ती, पीसीआर होत नसेल तर डीएनए वाढवायचा नाही, उलट दहापट पातळ करून बघायचा. डीएनएबरोबर पीसीआर अडवणारा कचराही पातळ होतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच जेलवर बँड (डीएनएचा पट्टा) येतो.

जीन कुठला घ्यायचा तर मायटोकाँड्रियातला सीओआय. २००३ मध्ये पॉल हेबर्ट आणि मंडळींनी प्राण्यांच्या बारकोडसाठी, म्हणजे जात ओळखायची डीएनएची खूण म्हणून, हाच तुकडा सुचवला तेव्हापासून सगळं जग तोच वापरतंय, त्यामुळं तुलना करायला सिक्वेन्स सगळ्यात जास्त ह्याचेच मिळतात. प्राइमर फोल्मरचे, १९९४ चे, एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८. ऑर्डर देताना अक्षरं मूळ पेपरवरून कॉपी करा, हातानं टाइप करू नका. ह्यातून प्राइमर धरून साधारण ७१० आणि प्राइमर काढून ६५८ अक्षरांचा तुकडा मिळतो.

२५ मायक्रोलिटरची रिअॅक्शन लावा, १२.५ दुप्पट ताकदीचं मास्टर मिक्स, दोन्ही प्राइमर १० मायक्रोमोलरचे एक एक, डीएनए एक ते दोन, बाकी पाणी. ९४ अंशाला तीन मिनिटं, मग ३५ वेळा ९४ ला ३० सेकंद, ४८ ला ४५ सेकंद, ७२ ला एक मिनिट, शेवटी ७२ ला दहा मिनिटं. ही सुरुवात समजा, बँड आला नाही तर ४८ चं ४५ करून बघा, फालतू बँड जास्त आले तर वर सरकवा. तरीही नाहीच आला तर १६एस ह्या मायटोकाँड्रियातल्याच दुसऱ्या जीनचे प्राइमर वापरा, ते सहसा दगा देत नाहीत, फक्त तो तुकडा लहान आणि जाती वेगळ्या करायची ताकद जरा कमी. यूपीएस चालू आहे ना बघून घ्या, उन्हाळ्यात दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

डीएनए न घातलेली एक ट्यूब प्रत्येक वेळी लावायचीच. दीड टक्क्याच्या अॅगरोज जेलवर १०० च्या लॅडरशेजारी (लांबी मोजायच्या मापाच्या पट्ट्या) तुमचा बँड ७०० च्या जवळ दिसला आणि त्या रिकाम्या ट्यूबमध्ये काहीच नाही दिसलं तर पुढं जा. रिकाम्यातही बँड असेल तर सगळं टाकून द्या, पाणी नवीन, टिप्स नवीन, परत लावा. इथं मन घट्ट करावं लागतं.

सिक्वेन्सिंग बाहेर पाठवायचं, पुण्यामुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या कंपन्या करून देतात, रेट दोनतीन ठिकाणी विचारा. दोन्ही बाजूंनी करून घ्या, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. एकाच बाजूनं केलं की पैसे वाचतात पण सुरुवातीची पन्नासएक अक्षरं नेहमी गचाळ येतात, ती दुसऱ्या बाजूच्या रीडवरूनच दुरुस्त करता येतात. फाइल आली की नुसता टेक्स्ट बघू नका, एबी१ फाइल क्रोमॅटोग्राम दाखवणाऱ्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि शिखरं डोळ्यानं बघत शेवटपर्यंत जा. स्वच्छ, एकेक, सुटी शिखरं पाहिजेत. दोन्ही टोकं कापा, रिव्हर्सचा रिव्हर्स कॉम्प्लिमेंट (क्रम उलटा, ए चं टी आणि जी चं सी) घ्या, दोन्ही जुळवून एक करा.

मग एक तपासणी जी निम्मे लोक करत नाहीत. सिक्वेन्सचं प्रोटीनमध्ये भाषांतर करून बघा, कोड टेबल ५ निवडून, म्हणजे अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाचा. साधा स्टँडर्ड कोड ठेवलात तर टीजीए दिसलं की सॉफ्टवेअर स्टॉप म्हणून बोंबलतं, खरं तर इथं टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. पूर्ण ६५८ चा तुकडा असेल तर दुसऱ्या अक्षरापासून वाचायला सुरू करा, बरोबर २१९ अमिनो आम्लं निघतात, मध्ये एकही स्टॉप नाही. टेबल ५ लावूनही मध्ये स्टॉप येत असेल तर एकतर एखादं अक्षर चुकीचं वाचलंय नाहीतर तुम्ही खरा जीन सोडून केंद्रकात जाऊन पडलेली त्याची निकामी कॉपी वाढवलीय. आणि खोल समुद्रातल्या माकुलांमध्ये एक गंमत, स्थेनोट्यूथिससारख्यांच्या मायटोकाँड्रियात सीओआय धरून काही जीन दोनदोनदा असतात. दोन्ही कॉपी जवळजवळ सारख्याच असतात त्यामुळं जात ओळखायला अडचण येत नाही, फक्त कुठंतरी एखादं दुहेरी शिखर दिसलं तर घाबरू नका, लिहून ठेवा. सगळीकडंच दुहेरी शिखरं असतील तर मात्र ते दोन माकुलांचं मिसळलेलं सॅम्पल असू शकतं.

आता ब्लास्ट, म्हणजे तुमचा सिक्वेन्स जेनबँकमधल्यांशी जुळवून बघायचं टूल. सिक्वेन्स टाकला, वरती ९९ टक्के आलं, नाव आलं, झालं का काम? नाही. खाली वीसतीस ओळी बघा. एकाच सिक्वेन्सला लोलिगो डुव्हॉसेली, फोटोलोलिगो डुव्हॉसेली, युरोट्यूथिस डुव्हॉसेली अशी तीन नावं दिसली तर तो एकच प्राणी, वंशाचं नाव बदलत गेलंय, चालू नाव मोलस्काबेस ह्या मृदुकाय प्राण्यांच्या नावांच्या साइटवर बघून घ्या. पण ९९ टक्क्यांवरच दोन खरोखर वेगळ्या जातींची नावं दिसली तर कुणीतरी चुकलंय, आणि कोण ते एकेक नोंद उघडूनच कळतं. व्हाउचर नंबर आहे का, कुठं पकडलं ते आहे का, पेपर छापलाय का, का नुसतं नाव टाकून सोडून दिलंय. व्हाउचरवाल्या नोंदीला जास्त मान द्या. क्वेरी कव्हरेजही बघा, २०० अक्षरांवरचे ९९ टक्के आणि ६५० अक्षरांवरचे ९९ टक्के ह्यात फरक आहे. बोल्ड ह्या बारकोडच्या डेटाबेसमध्येही टाकून बघा, आणि मग वहीतल्या फोटोंशी जुळवा, डोळ्यावरचा पडदा, फिनचं प्रमाण, दात, सगळं.

हे एवढं कशाला तर दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही एकमेकांच्या उलटी. सेपिओट्यूथिस लेसोनियाना हे कागदावर एक नाव, तांबड्या समुद्रापासून जपानपर्यंत सगळीकडं. ओकिनावाचे मच्छीमार मात्र आधीपासून त्याला तीन वेगळ्या नावांनी ओळखायचे, आका-इका, शिरो-इका, कुवा-इका, आणि १९९० च्या दशकात एन्झाइमच्या चाचण्या झाल्या तेव्हा ती तिन्ही खरंच वेगळी निघाली. नंतर डीएनएनं ह्या एका नावाखाली अनेक वेगळ्या फांद्या असल्याचं दाखवलं. दुसरीकडं महाकाय माकूल, आर्किट्यूथिस. सापडेल त्या तुकड्याला नवीन नाव देत देत वीसएक नावं झाली होती, २०१३ मध्ये जगभरातल्या ४३ नमुन्यांचे मायटोकाँड्रियाचे जीनोम वाचले तर इतके सारखे निघाले की सगळ्या जगात ती एकच जात धरली, आर्किट्यूथिस डक्स. म्हणजे लेबल दोन्हीकडून फसवू शकतं.

झाड काढताना मेगामध्ये सगळे सिक्वेन्स मसल ह्या टूलनं अलाइन करा, म्हणजे अक्षरं एकाखाली एक जुळवा, सगळे एका लांबीला कापा, किमुरा टू पॅरामीटर मॉडेल, नेबर जॉइनिंग, बूटस्ट्रॅप १००० (फांद्या किती पक्क्या ते हजार वेळा तपासणं). तुलनेला बाहेरचा म्हणून एखादा कटलफिश ठेवा, झाडाचं मूळ कुठं ते त्याच्यावरून ठरतं. मग अंतरांचा तक्ता बघा. एका जातीच्या आतलं अंतर बहुतेक वेळा दोन टक्क्यांच्या आत राहतं, ६५८ मध्ये दोन टक्के म्हणजे १३ अक्षरं. दोन जातींमधलं त्याच्या कितीतरी पुढं असतं आणि मधली जागा रिकामी दिसते. पण दोन टक्के हा काही कायदा नाही. तुमचाच डेटा बघून ती रिकामी जागा कुठं पडते ते शोधा, असॅप नावाचं ऑनलाइन टूल हेच करतं.

समजा तुमचं एक माकूल बाकीच्यांपासून आठदहा टक्के लांब गेलं, तर लगेच नवीन जात सापडली म्हणून पेढे वाटू नका. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो, एका जीनची ती एक बाजू झाली. केंद्रकातला एखादा जीन बघा, डोळ्यातल्या रोडॉप्सिनचा चालतो, आणि शरीरात पक्का फरक दाखवता येतो का बघा. तोपर्यंत रिपोर्टमध्ये सरळ युरोट्यूथिस एसपी. (म्हणजे वंश कळला, जात ठरली नाही) असं लिहा. त्यात लाज कसली, खोटं नाव लिहिण्यापेक्षा बरं.

शेवटी सिक्वेन्स जेनबँकला जमा करा, फुकट असतं, रिपोर्टलाही वजन येतं. व्हाउचर नंबर, तारीख, ओळख कुणी केली, सगळं भरा, आणि ठिकाणाच्या रकान्यात मावशींनी सांगितलेलं बंदर टाका, बाजाराचं नाव शेऱ्यात. कोल्हापूर एवढंच टाकून ठेवलंत तर दहा वर्षांनी कुणीतरी पंचगंगेत माकूल सापडतंय म्हणून नकाशा छापायचा.